बिनभाड्याच्या खोलीतला गडी

व्हीटी म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे घुमट, मोठं घड्याळ आणि सुटत आलेली लोकल उभी राहते. आज ज्याच्याशी तुमची गाठ घालून द्यायची आहे, त्याचंही नाव व्हीटीच. पण हा मॉस्कोचा, १९३० सालचा. दोन मजली पंखांचं छोटं लढाऊ विमान. शेपटीवर तांबडा तारा, तिथंच ही दोन अक्षरं, आणि पुढे आकडा अकरा. रशियन भाषेत ती दोन अक्षरं ज्या शब्दांची, त्यांचा अर्थ होतो ‘अंतर्गत तुरुंग’.

आपल्याकडे लोक गावाचं नाव आडनावात मिरवतात. पुणेकर, सातारकर, चिपळूणकर. या गड्यानं त्याच न्यायानं ‘तुरुंगकर’ लावलं. बरं, लपूनछपून नाही. थेट शेपटीवर, मागून येणाऱ्याला आधी तेच दिसावं अशा जागी. घराण्याची अडचणीची गोष्ट पाहुण्यांसमोर आपणहून काढणारी माणसं असतात ना, त्यांतलाच हा एक.

सरकारदप्तरी पुढे त्याचं नाव आय-५ झालं. ‘आय’ म्हणजे तिकडच्या भाषेत लढाऊ विमान. गंमत अशी, की हे नावही त्याच्यासाठी काढलेलं नव्हतं. आय-५ नावाचं विमान करायचं होतं आंद्रेई तुपोलेव यांच्या कचेरीनं. तिथं मोठाल्या बॉम्बफेकी विमानांचा असा रगाडा पडला होता, की या चिंगळीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. काम दुसरीकडे सोपवलं गेलं, आकडा मात्र तोच राहिला. थोडक्यात, बारसं एका घरी ठरलं आणि पाळणा दुसऱ्याच घरी हलला. ते दुसरं घर म्हणजे आपल्या बोलीतली बिनभाड्याची खोली.

त्या खोलीत त्याचे दोन बाप होते. थोरले दिमित्री ग्रिगोरोविच. पाण्यावरून उडणाऱ्या विमानांसाठी झारच्या काळापासून नावाजलेले. धाकटे निकोलाय पोलिकार्पोव, धर्मगुरूच्या घरातले, शिकायला आधी पाठशाळेत आणि मग अभियांत्रिकीकडे वळलेले. ग्रिगोरोविच १९२८ मध्ये आत गेले, पोलिकार्पोव १९२९ च्या ऑक्टोबरात. आरोप घातपाताचा. त्या काळी रशियात यंत्र वेळेवर चाललं नाही की यंत्राची तपासणी करण्याआधी माणसाची करायचे. पोलिकार्पोवना तर सुनावणी न घेताच गोळ्या घालण्याची शिक्षा फर्मावली होती.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं असावं, की मेलेला अभियंता नकाशे काढत नाही. डिसेंबर १९२९ मध्ये गुप्त पोलिसांनी बुतिर्का तुरुंगात कैदी अभियंत्यांचीच एक विमान-कचेरी थाटली. थोड्याच दिवसांत तिचं बिऱ्हाड मॉस्कोतल्या ३९ नंबरच्या कारखान्यात, ७ नंबरच्या हँगरमध्ये हललं. तिथंच ड्रॉइंग बोर्ड, तिथंच झोपणं, आणि दारावर पहारा. अशा जागांना पुढे रशियन बोलीत ‘शाराश्का’ हा शब्द रूढ झाला. मूळचा तो लबाडीच्या, कच्च्या कामाच्या धंद्याला लावायचा शब्द. तो चिकटला देशातल्या सगळ्यात हुशार माणसांच्या कचेऱ्यांना.

तुरुंगातल्या जन्माचं आपल्याला तसं अप्रूप नाही. कृष्ण कारागृहातच जन्मला, आणि ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीनं लिहिलं गेलं. पण या गड्याची कथा जरा उफराटी आहे. तिकडे कंसाला पोर नको होतं. इथं कंसालाच पोर हवं होतं, तेही दिलेल्या तारखेच्या आत. तिकडे टोपलीतून बाळ बाहेर गेलं आणि आईबाप आत राहिले, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं.

तारखेचा हा गडी फार पक्का. आराखड्याला मंजुरी मिळाली २८ मार्च १९३० ला, आणि २९ एप्रिलला बेनेडिक्ट बुखगोल्ट्स या वैमानिकानं त्याला हवेत नेलंसुद्धा. एक महिना आणि एक दिवस. आपल्याकडे सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची परवानगीही एवढ्यात हातात पडत नाही. अर्थात ही घाई कौतुकाची म्हणावी की नाही, हा प्रश्न आहे. गळ्यात फास घालून ठेवला की कुणाचाही हात भरभर चालतो. पण घाईच्या कामाची खूण वस्तूवर उमटते, ती याच्यावर दिसली नाही.

त्याच्या मागे आणखी एक लाकडी भाऊ होता, आय-६. पोलिकार्पोव मोकळे असताना त्यांनी हातात घेतलेलं काम ते. त्या भावाला उशीर झाला, आणि तो उशीरच बापाच्या खात्यावर गुन्हा म्हणून मांडला गेला. तो उडाला तोवर बाप गजाआड होता. अखेर मोकळ्या माणसानं आखलेला आय-६ मागे पडला आणि कैद्याचा आय-५ कारखान्यात गेला. एवढ्यावरून कुणी तुरुंगाच्या कार्यक्षमतेचं प्रवचन झोडू नये. हँगरात बसली होती ती माणसं बाहेर असतानाही हेच करत होती. फक्त रात्री घरी जात होती.

दिसायला म्हणाल तर स्वारी ठेंगणी, भरल्या छातीची. लांबी पावणेसात मीटर, म्हणजे आपल्या एसटीच्या लाल डब्यापेक्षाही आखूड. वजन वैमानिक, पेट्रोल, गोळ्या सगळं धरून साडेतेराशे किलोच्या आसपास. चार माणसं बसलेली जुनी अँबॅसडर समजा. अंगाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, वेल्डिंग करून जोडलेला. त्यावर पुढे पत्रा, मागे ताणून बसवलेलं कापड. पंख लाकडाचे. वरचा पंख लांब, खालचा तोकडा, जणू सदरा ऐटबाज आणि खाली आखूड चड्डी. दोन पंखांमध्ये दोन्ही बाजूंना खांब आणि ताणलेल्या तारा.

नाकाचा मात्र त्याला फार अभिमान. नाकात परदेशी इंजिन होतं, ‘ज्युपिटर ७’. नऊ सिलिंडर, सूर्याच्या किरणांसारखे गोल मांडलेले. आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र टोपी, म्हणजे वारा अंगावरून नीट सरकावा म्हणून घातलेलं पत्र्याचं टोपडं. समोरून पाहिलं की थंडीला बाहेर काढलेली नऊ भावंडं ओळीनं, नव्हे, गोल करून बसल्यासारखी वाटतात. मधोमध प्रॉपेलरचं निमुळतं टोक. परदेशी मालाची ऐट त्या काळच्या रशियात सांभाळून करावी लागे, पण नाक कुठे लपतंय?

जमिनीवर चालायची त्याची तऱ्हा लग्नातल्या नवरदेवाच्या मामासारखी. शेपूट टेकलेली, नाक आभाळात, समोरचं काही दिसत नाही. अशा विमानाच्या वैमानिकाला धावपट्टीवर जाताना थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं, आणि उघड्या कॉकपिटमधून मान बाहेर काढून वाट बघावी लागते. ज्याला वर गेल्यावर सगळं आभाळ मोकळं, त्याला जमिनीवर दहा हात पुढचंही दिसू नये! त्याच्या जन्मदात्यांची स्थिती बरोबर उलटी होती. त्यांना दूरचं नीट दिसत होतं, फक्त दाराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं.

हवेत गेला की मात्र गड्याचा स्वभाव पालटतो. एका जागी गर्रकन वळण्यात याचा हात धरणारे थोडेच. पूर्ण गिरकी दहाएक सेकंदांत. दोन पंख एकावर एक ठेवण्याचं एक मोठं प्रयोजन ते हेच. हवेवर तरायला जेवढं कापड लागतं तेवढं सगळं आडवं पसरण्याऐवजी दोन थरांत मांडायचं. त्यामुळे रुंदी कमी, अंग आटोपशीर, वळण झटपट. फुगडीत हात आवळून धरले की गिरकी कशी जोरात बसते, तसंच.

पण या जगात फुकट काही मिळत नाही. ते खांब, त्या तारा, तो दुसरा पंख, सगळे वाऱ्याला अडवतात. ४८० अश्वशक्तीचं इंजिन जीव तोडून ओढतं आणि वेग मिळतो तो ताशी २८० किलोमीटरच्या आत-बाहेर. उरलेली ताकद तारांनी शिट्ट्या वाजवण्यात जाते. बायप्लेनचं सगळं आयुष्य या एका सौद्यात बांधलेलं: वळण घे, वेग सोड. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत सगळ्या देशांतले वैमानिक या सौद्यावर हुज्जत घालत बसले होते. वैमानिकांना वळण हवं होतं. पळणाऱ्या बॉम्बफेक्याला गाठायला वेग हवा होता. काळ वेगाच्या बाजूनं गेला.

हत्याराचं म्हणाल तर मशिनगनची एक जोडी, वैमानिकाच्या पुढे, फिरत्या प्रॉपेलरच्या आरपार मारा करणारी. गोळी आपल्याच पात्यावर बसू नये म्हणून इंजिनच बंदुकीला सांगतं, आता मार, आता थांब. भजनात टाळकरी मृदंगाकडे कान ठेवून वाजवतो, तशी ही जुगलबंदी. एक ठोका चुकला तर स्वतःच्याच नाकाला भोक. आणि योगायोग असा, की या बंदुका बेतणारे नादाश्केविच हेही त्याच कचेरीतले कैदी. ज्यांच्यापासून देश वाचवायचा म्हणून पोलिसांनी त्यांना आत टाकलं, त्यांच्याच हाती देशाच्या बंदुका दिल्या होत्या.

याला पाठचे दोन भाऊ झाले. तेही व्हीटीच, १२ आणि १३. बारावा मे महिन्यात उडाला; त्याचं नाव ठेवलं ‘क्लिम वोरोशिलोव’, संरक्षण खात्याच्या साहेबांवरून. तेरावा जुलैत. तो तर थेट पक्षाच्या सोळाव्या अधिवेशनाला भेट म्हणून अर्पण, आणि त्याच्या नाकात देशी इंजिन. थोरल्याच्या अंगावर तुरुंग, मधल्यावर साहेब, धाकट्यावर पक्ष. तीन महिन्यांत पोरं कशी शहाणी होत जातात बघा! मात्र कारखान्यात जे इंजिन शेवटी बसलं ते थोरल्याच्याच घराण्यातलं: ज्युपिटरचं परवाना घेऊन देशात केलेलं रूप, एम-२२. साहेबाची मर्जी आणि पक्षाचा आशीर्वाद ठीक आहे, हवेत इंजिन लागतं.

मग आला त्याच्या आयुष्यातला मोठा दिवस. १९३१ साल. खुद्द स्तालिन बघायला उभे. आय-५ घेऊन दोघे वैमानिक वर गेले, वालेरी च्कालोव आणि अलेक्सांद्र आनिसिमोव. दोघेही हवेत वेडेपणा करण्याबद्दल प्रसिद्ध. कोलांट्या, गिरक्या, उलटं उडणं, जे जे म्हणून त्याला येत होतं ते सगळं त्यानं करून दाखवलं. वार्षिक स्नेहसंमेलनात मुख्याध्यापक पुढच्या रांगेत असताना पोरगं जीव ओतून नाचावं, तसं. फक्त इथं बक्षीस पेन्सिलीचं नव्हतं. बापाच्या मानेचा प्रश्न होता.

बक्षीस मिळालं. पोलिकार्पोवच्या गोळ्यांच्या शिक्षेची तोवर दहा वर्षांची कैद झाली होती. या खेळानंतर तीही स्थगित झाली, आणि जुलै १९३१ मध्ये कचेरीतल्या बऱ्याच जणांना माफी जाहीर झाली. या शब्दाकडे नीट बघा. माफी. निर्दोष सुटका नव्हे. गुन्हा केलात, पण विमान बरं केलंत, म्हणून जा घरी. एवढ्या कसरती करूनही हा गडी बापाला निर्दोष ठरवू शकला नाही.

नंतरचं त्याचं आयुष्य नोकरदाराचं. सगळी मिळून ८०३ विमानं झाली. काही वर्षं सोव्हिएत हवाई दलातला तो नेहमीचा शिलेदार होता. शेपटीवरची ती दोन अक्षरं कारखान्यातून निघालेल्या या फौजेवर अर्थातच आली नाहीत. थोरल्याचं आडनाव थोरल्यापाशीच राहिलं.

मधल्या काळात एका विक्षिप्त प्रयोगात त्याला पकडून नेलं. व्लादिमीर वाख्मिस्त्रोव नावाच्या अभियंत्याच्या मनात आलं, की लढाऊ विमानाला दूर जाता येत नाही, तर मोठ्या विमानानंच त्याला कडेवर घेऊन जावं. १९३४ मध्ये टीबी-३ या चार इंजिनांच्या अगडबंब विमानावर तीन आय-५ बसवली गेली. दोन पंखांवर आणि एक पाठीवर. आई बाजाराला निघाली आहे, दोन पोरं दोन खांद्यांवर आणि एक मानगुटीवर, असा तो देखावा. वर गेल्यावर पोरांनी सुटून आपापलं उडायचं.

खांद्यावरची दोघं बरी. पाठीवरच्याला उतारावरून ढकलत वर चढवणं मात्र इतकं जिकिरीचं झालं, की शेवटी त्याला तिथंच कायमचं जखडून टाकलं. उडून जायचंच नाही म्हटल्यावर पंख कशाला? म्हणून पुढे त्याचे पंख काढले, शेपूटही काढली. उरलं ते इंजिन आणि ते चालवायला आत बसलेला माणूस: टीबी-३ चं पाचवं इंजिन. ज्याच्या जातीचा जन्मच पहाऱ्यात झाला, त्यातल्या एकाच्या नशिबी पुन्हा बेडी आली, आणि या खेपेला हँगरातल्या माणसांसारखीच. हात-पाय बांधलेले, काम मात्र चालू.

त्याच्या घराण्यातले पुढे नावाला चढले. पोलिकार्पोवनी १९३३ मध्ये आय-१५ हे दुपंखी आणि वर्ष सरता सरता आय-१६ हे एकपंखी विमान हवेत आणलं. आय-१६ पहिल्यांदा उडवलं च्कालोवनंच. स्पेनच्या यादवीत ही दोघं भावंडं गाजली, तेव्हा हा काका शाळेत मास्तर झाला होता. नव्या पोरांना उडायला शिकवायचं. वळणं तीच, पण आता शिट्टी कमी आणि शिकवणी जास्त. च्कालोवचा शेवटही पोलिकार्पोवच्याच एका नव्या नमुन्यात झाला, डिसेंबर १९३८ मध्ये, आय-१८० च्या पहिल्या उड्डाणात. मोडकळीला आलेला हा मास्तर मात्र टिकून होता.

टिकून होता म्हणूनच १९४१ मध्ये त्याला पुन्हा बोलावणं आलं. जर्मनांच्या पहिल्या तडाख्यात नवी विमानं शेकड्यांनी जळाली, तेव्हा शाळांमधून या म्हाताऱ्यांना ओढून काढलं, मशिनगन पुन्हा चढवल्या, पोटाखाली लहान बॉम्ब लटकवले. समोर त्याच्या दुप्पट वेगानं पळणारी जर्मनांची मेसरश्मिट विमानं. दिवसा बाहेर पडणं म्हणजे आत्महत्या, म्हणून शक्यतो रात्रीची ड्युटी. क्राइमियात हे म्हातारे १९४२ च्या सुरुवातीपर्यंत जमिनीलगत उडत शत्रूच्या फौजांवर गोळ्या झाडत होते. पेन्शनीत निघालेल्या हवालदाराला दंगलीच्या वेळी काठी देऊन नाक्यावर उभं करावं, तसंच हे. काठी जुनी, पण उभा राहिला.

ज्यांच्या घरी त्याचं बारसं ठरलं होतं, त्या तुपोलेवांचं काय झालं? १९३७ मध्ये तेही आत गेले. त्यांनीही पहाऱ्यात बसून एक उत्तम विमान आखलं, तू-२. शेपटीवर मात्र तुरुंगाचं नाव घालायची हिंमत पुन्हा कुणी केली नाही. म्हणून वाटतं, त्या सगळ्या घराण्यात खरं बोलला तो हा ठेंगणा व्हीटीच. कोर्टात जे लिहिलं गेलं नाही, ते याच्या शेपटीवर होतं.

निकोलाय पोलिकार्पोव ३० जुलै १९४४ ला कर्करोगानं गेले. त्यांच्यावरचा खटला खोटा होता, असा निकाल लागला १९५६ साली.